मयुरी, सिंदी

मित्रांनो, माझं एक बटण झिजून गुळगुळीत झालं आहे. ते ‘नाही’चं बटण आहे. मी एक जुना मोबाईल, आणि ते का झिजलं तेच सांगणार आहे.

२००६ साली मी सिंदी रेल्वे या गावी, किराणा दुकानदार प्रभाकररावांच्या घरी आलो. त्यांची मयुरी रोज पॅसेंजरने वर्ध्याला कॉलेजला जायची. पहिल्याच दिवशी तिची शेजारची मैत्रीण सपना हिने ब्लूटूथवरून मला एक गाणं दिलं. ना तार, ना दोरा! गाणं मधली भिंत ओलांडून माझ्या पोटात उतरलं. मी थक्क झालो. आजही आठवलं की थक्क होतो.

मयुरीची आई सुलोचनाबाई. त्यांच्या घरी वाटी-चमच्यावरही नाव घातलेलं. बिननावाचं भांडं लग्नघरातून परत येत नाही, हा त्यांचा अनुभव. त्या म्हणाल्या, “गंजा-पातेल्यावर नाव आहे, मंग याच्यावर काऊन नाई?”

मयुरीने हसत माझ्या ब्लूटूथला नाव दिलं : ‘मयुरी, सिंदी’. गाणं घेऊन झालं, तरी ब्लूटूथ बंद करायचं कुणाला सुचलं नाही. झालं! मी रोज गाडीत डब्याभर तिचं नाव ओरडत सुटलो.

एका सकाळी अनोळखी मोबाईलकडून चिठ्ठी आली. वरच लिहिलेलं, ‘मयुरी, हिरवी ओढणी झकास.’ मी विचारलं, घेऊ का? तिने ‘नाही’ दाबलं. चिठ्ठी पुन्हा आली. पुन्हा ‘नाही’. तिने डब्याभर नजर फिरवली. एवढ्या माणसांत कोण बघतंय? आठवडाभर हेच चाललं.

घरी कळलं तेव्हा प्रभाकरराव म्हणाले, “उद्यापासून कॉलेज बंद.”

वा रे न्याय! हरामखोरी एकाची, शिक्षा पोरीला.

“चोर मोकळा फिरून राह्यला, अन् कुलूप माह्या पोरीले?” सुलोचनाबाई कडाडल्या.

“मंग तूच जाय धरायले!”

“जातोच मी!”

सकाळी सपनाने माझं नाव बदलून दिलं. सुलोचनाबाई मला मांडीवर घेऊन गाडीत मयुरीशेजारी बसल्या. समोर इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ होते. मयुरीला रोज ‘बेटा, बस’ म्हणत जागा देणारे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, बटणं दाबली आणि गोठलेच. त्यांच्या पडद्यावर माझं नवं नाव आलं होतं : ‘मयुरीची माय, डब्यातच आहे’.

त्यांनी मान वर केली. सुलोचनाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

“काऊन भाऊ, घाम फुटला? रोज पोरीले पाठवता, तशी पाठवा न चिठ्ठी. आज मी घेतो.”

डबा खो-खो हसला. रोज वर्ध्याला उतरणारा तो माणूस सेलू रोडलाच उतरून पळाला.

तेवढ्या चार शब्दांनी, हवेतून जाऊन, एक सभ्य मुखवटा फाडला. मी अवाक झालो, मित्रांनो! केवढी ही ताकद, आणि ती चालते कुणाच्या तरी अंगठ्यावर.

मयुरीचं कॉलेज पूर्ण झालं. मला भिंत अडवत नाही, दार अडवत नाही. अडवतं एक बटण. काम झालं की ब्लूटूथ बंद करा. अनोळखी काही आलं तर घेऊ नका, आणि भीती वाटली तर घरी सांगा. घरच्यांनो, तुम्हीही पोरीला कोंडू नका, माझं ब्लूटूथ बंद करा.

तो माणूस पळाला त्याच दिवशी सुलोचनाबाईंनी भांडेवाल्याकडून माझ्या पाठीवर नाव कोरून आणलं. मयुरी. ते हवेत जात नाही. मला हातात घेईल त्यालाच दिसतं.