मधली वीत

मिस्त्रींनी सँडपेपरची चकती कानाजवळ धरून दोन बोटांत अर्धी वाकवली. बारीक कर्र आवाज झाला. त्यांनी मान हलवली, ती बाजूला सारली आणि दुसरी उचलली.

"ही कुरकुर करते, शेठ. दोन दिवसांत दाणे सोडेल."

"अहो मिस्त्री, सँडरला लावायचीय ना तिला? गाणं थोडंच शिकवायचंय!" दुकानदार म्हणाले आणि मागच्या फळीवरून आणखी एक पाकीट काढून त्यांनी काउंटरवर उपडं केलं. तळहाताएवढ्या गोल चकत्या पसरल्या. एका बाजूला खरखरीत दाणा, दुसऱ्या बाजूला मशीनच्या तळाला चिकटणारी मऊ लव. काही सुलट पडल्या, काही उलट.

मिस्त्रींची बायको दाराशी कापडी पिशवी धरून उभी होती. एरवी ती या दुकानात येत नसे. आज पुढच्या गल्लीत छोट्या पलंगाची गादी शिवायला टाकायची होती, म्हणून बरोबर निघाली होती.

"आज मालकीणबाईंना घेऊन आलात?" दुकानदारांनी विचारलं. "मग भाव सांभाळूनच बोलायला हवं."

"मालकीण आहेच ती. मी कामगार," मिस्त्री म्हणाले. "ऐंशी नंबर दाखवा, एकशेवीस, एकशेऐंशी आणि शेवटचा हात द्यायला दोनशेचाळीस. माल चांगला द्या. लेकीचा पलंग आहे. रविवारी येतेय ती, बाळाला घेऊन."

"खार येतेय?" दुकानदारांचे हात थांबले. "किती वर्षांनी?"

"झाली असतील पाच-सहा," मिस्त्री म्हणाले.

सहा वर्षं आणि चार महिने, ती मनात म्हणाली.

"तोच का पलंग, कठड्याचा? त्याला ऐंशीचा जाड दाणा कशाला हवा? जुनं पॉलिश काढायला एकशेवीस पुष्कळ झाला."

"पॉलिश कधीच निघालं. कठड्याला खड्डे आहेत, तिच्या दातांचे. ऐंशीशिवाय ते जायचे नाहीत." मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "नवाकोरा दिसला पाहिजे. मागचं काही दिसायला नको."

तिने पिशवीचे बंद मुठीत आवळले.

मुलीला दात फुटले तेव्हा ती उभं राहायला शिकत होती. पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरायची आणि तोंड टेकवून मन लावून कुरतडत बसायची. "आपल्या घरी खार आलीय," म्हणून मिस्त्री तेव्हा सगळ्यांना बोलावून दाखवायचे. नाव तेच पडलं. त्याच खारीला सहा वर्षांपूर्वी त्यांनी कारखान्याच्या दारात सांगितलं होतं, जातेस तर जा, मग इथलं काहीच आपलं समजू नकोस. लेक गेली. फोन यायचे ते आईला. मिस्त्री शेजारीच पेपर धरून बसायचे आणि मध्येच म्हणायचे, तिला सांग, औषधं वेळेवर घेतोय म्हणावं. पेपरचं पान मात्र उलटायचे नाहीत.

काउंटरवरची एक चकती मिस्त्रींनी पुढे ओढली आणि डोळे मिटले. कागद आणि लाकूड डोळ्यांनी बघायचं नसतं, असं ते शिकाऊ लोकांना सांगत. त्यांनी अंगठा चकतीवरून फिरवला. एकदा, दोनदा. मग समाधानाने मान डोलावली.

"हं. ही बघा. याला म्हणतात दाणा. काय धार आहे!"

चकती उलटी पडलेली होती. त्यांचा अंगठा लवेवरून फिरत होता.

दुकानदार हसायच्या बेतात होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, अगदी जराशी. दुकानदारांचं हसू तिथेच राहिलं. त्यांनी खाली बघत उगाचच पाकिटाची घडी घातली.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखरेमुळे बोटांच्या शिरा बधिर होतात, लक्ष ठेवा. पंधरा दिवसांनी मिस्त्री म्हणाले होते, गोळ्यांनी उतार पडला, आता सगळं कळतं. तिने विश्वास ठेवला होता. परवा वाफाळता चहाचा पेला त्यांनी मुठीत धरून ठेवला, तेव्हा तिला वाटलं होतं की लेक येणार म्हणून यांचं कशातच लक्ष नाही.

ती पुढे झाली. मिस्त्रींनी डोळे उघडायच्या आत तिने ती चकती सुलट केली, आणि मग सगळ्याच एकेक करून सुलट करत गेली, आवरल्यासारख्या.

"मला बघू द्या जरा," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तीस वर्षं तुमचे शर्ट धुतेय. हलक्या चकत्या आणता तेव्हा खिशात वाळू सापडते. चांगल्या आणता तेव्हा नुसता भुसा निघतो. मला नाही तर कुणाला कळणार?"

"ऐका, मिस्त्री," दुकानदार म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. "वहिनी, मग तुम्हीच निवडा."

तिने निवडल्या. कड नखाने खरवडून पाहिली, दाणा सुटतो का ते. चकती वाकवून पाठीचा कागद चिरत नाही ना, ते पाहिलं. भुसा ओढून घ्यायची आठही भोकं आरपार आहेत का, ते चकती उजेडाकडे धरून तपासलं. तपकिरी तिने नाकारल्या. पांढरट पूड चढवलेल्या होत्या त्या घेतल्या; भुसा चिकटून त्या लवकर बुजत नाहीत, हे मिस्त्रींनीच जेवताना कधीतरी सांगितलेलं. बारीक नंबरांच्या पाच-पाच घेतल्या.

"ऐंशीच्या दोनच द्या," ती म्हणाली.

"दोनच?" मिस्त्रींनी विचारलं.

"एका कठड्याला किती लागतात?"

मिस्त्रींनी चकत्या तिच्या पिशवीत टाकल्या. पुढे गादीवाल्याकडे माप देऊन झालं. घरी येताना रस्ता ओलांडताना त्यांनी तिचं मनगट धरलं. ती पकड सैल आहे की घट्ट, हे त्यांना कळत असेल का, असा विचार तिच्या मनात आला. तिनेच मग आपला हात घट्ट केला.

दुपारी जेवणं झाल्यावर कारखान्यातून सँडरचा आवाज येऊ लागला. घराला लागून पत्र्याची एक खोली, तिलाच ते कारखाना म्हणत. ती ओटा पुसत होती. आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला, आणि या वेळी बराच वेळ थांबला.

"अगं, ऐकतेस का?"

ती दारात गेली. या दाराच्या आत ती सहसा पाऊल टाकत नसे. स्वयंपाकाचा हात लाकडाला लागला की तेलाचे डाग उठतात, पॉलिश धरत नाही, असा मिस्त्रींचा नियम होता. पलंग मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ठेवला होता. सगळीकडे भुसा होता. मिस्त्रींच्या भुवयांवरही होता.

"बघ बरं जरा हात लावून," ते म्हणाले. "माझे हात भुशाने भरलेत."

तिने हात साबणाने धुतले, पदराला पुसले आणि आत गेली.

"इथे खरखरीत आहे," ती म्हणाली. "आणि इथे, खालच्या अंगाला."

त्यांनी मशीन फिरवलं. ती पुन्हा बोटं फिरवायची, ते पुन्हा मशीन. "आता?" "जरा अजून." "आता?" "हं, झालं." कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. एकदा ते म्हणाले, "तुझा हात चांगला आहे." ती खालच्या अंगावरून पुन्हा बोटं फिरवू लागली.

हा पलंग तिच्या हाताला नवा नव्हता. लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने देवापुढे नेम धरला होता: सकाळी पाण्याचा घोट घ्यायच्या आधी माळ्यावर जाऊन पलंग पुसायचा. आजारपणातही तो नेम मोडला नव्हता. मिस्त्रींना वाटायचं, ती माळ्यावर भांडीकुंडी शोधायला जाते. लाकडाची प्रत्येक गाठ तिला पाठ होती. कठड्याची मधली वीत तर अंधारातही सापडली असती. तिथे दोन खोल खुणा होत्या, पुढच्या दोन दातांच्या, आणि आजूबाजूला बारीक बारीक पुष्कळ. रोज तिथे फडकं आपोआप हळू व्हायचं.

ती वीत मिस्त्रींनी शेवटी ठेवली होती.

त्यांनी ऐंशी नंबरची दुसरी चकती चढवली. पहिली झिजून गेली होती. मशीन कठड्यावर टेकलं. तिने तोंडावर पदर धरला. भुसा उडाला, जुन्या लाकडाचा गोडसर वास पसरला. मिस्त्री तेवढ्याच जागेवर पुढे-मागे, पुढे-मागे मशीन फिरवत राहिले. मग त्यांनी ते बंद केलं. चष्मा नेहमीसारखा खिशातच होता.

"बघ. गेले का?"

तिने हात ठेवला. बारीक खुणा गेल्या होत्या. खोल दोन उरल्या होत्या, पहिल्यापेक्षा उथळ, कडा गुळगुळीत झालेल्या. आणखी एक हात फिरला असता तर त्याही गेल्या असत्या. काल फोनवर लेक सांगत होती, बाळाला दात येताहेत गं आई, दिसेल ते तोंडात घालते.

मिस्त्री मशीन धरून वाट बघत होते. खालच्या ओठावर भुसा बसलेला, डोळे तिच्या बोटांवर.

तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली,

"गेले."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी चकती उपटून काढली. टर्रर आवाज झाला. मग एकशेवीस, मग एकशेऐंशी. उन्हाचा पट्टा दारातून सरकत भिंतीवर गेला. शेवटी दोनशेचाळीसचा हात झाला तेव्हा लाकूड लोण्यासारखं लागत होतं. ती तसं म्हणालीही. मिस्त्रींनी आपला तळहात कठड्यावरून एकदा फिरवला, आणि तो हात उचलून परका असल्यासारखा पाहिला.

मग ते वाकले. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि गाल कठड्याला लावला.

डाव्या टोकापासून ते हळूहळू सरकत आले. डोळे मिटलेले होते. ती श्वास धरून उभी राहिली. मधल्या वितीपाशी ते थांबले. जरासे मागे गेले, पुन्हा पुढे आले, आणि तिथेच राहिले.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"झालं म्हणालीस ना?" गाल न उचलता त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं गेलं."

"हो," ती म्हणाली.

मिस्त्री उठले तेव्हा गालावर भुसा होता आणि त्यात एक ओली रेघ होती. ती त्यांनी बाहीने पुसली. ऐंशी नंबरच्या चकतीत अजून बराच दाणा शिल्लक होता. त्यांनी ती उचलली, मधोमध दुमडली आणि भुशाच्या डब्यात टाकली.

"जवसाचं तेल आण," ते म्हणाले. "पोर चावणार म्हणजे पॉलिश नको."

तिने तेल त्यांच्या तळहातावर ओतलं. इतक्या वर्षांत मिस्त्रींनी तेलाचा पहिला हात कधी डाव्या टोकाशिवाय सुरू केला नव्हता. आज त्यांनी तो मधूनच सुरू केला.