बाभळीच्या नावाखाली पांगारा

मित्रांनो, मी मातीची एक जुनी चूल आहे. सेनगावजवळच्या एका वस्तीवर, मिराबाईच्या अंगणात, छपराखाली माझी जागा आहे. ओढ्याकाठची माती, गव्हाचा भुसा आणि शेण कालवून तिनेच मला घडवलं.

मला डोळे नाहीत, पण लाकूड ओळखता येतं. बाभूळ माझ्या पोटात गुमान जळते आणि मागे टणक निखारे ठेवते. लिंबाचा धूर कडू. पांगारा भडकतो आणि लगेच राख होतो. मिराबाईही लाकूड नखाने खरवडून हुंगायची आणि झाडाचं नाव सांगायची. "माझ्या चुलीसारखी भाकर कोणाचीच भाजत न्हाई," असं ती चारचौघींत म्हणे, तेव्हा मला फार बरं वाटे.

मग तिच्या डोळ्यांवर पडदा आला. शेजारीण बेबीबाई तिचा हात धरून तिला सरपणाला नेई. परत आल्यावर माझ्यापुढे वाटणी होई.

"ही घे, तुला बाभूळ."

"हलकी लागून राहिली गं."

"वाळल्यावर हलकी व्हतेच की. काहून, भरोसा न्हाई का?"

"तुझ्यावर न्हाई तर कोणावर? तूच माझे डोळे."

तो पांगारा होता. बेबीबाईकडे लेकीचं लग्न होतं. बाभूळ तिच्या ढिगात जात होती. मिराबाईने त्या लाकडांना एकदाही नख लावलं नाही.

भाकरी कच्च्या राहू लागल्या. सून पल्लवी म्हणाली, "आत्याबाई, चूल म्हातारी झाली. फोडा, दुसरी घाला."

मला वाटलं, मिराबाई तिला रागावेल. पण ती म्हणाली, "व्हय. हिच्यात आता दम न्हाई."

तिने पहारीने माझी वैल, म्हणजे बाजूचं लहान तोंड, फोडली. बाकीची मी दुसऱ्या दिवशी फुटणार होते. इतकी वर्षं मी तिच्या घराला जेवू घातलं, आणि खोटी ठरले मीच.

त्या संध्याकाळी सरपण कमी पडलं. पल्लवीने बेबीबाईच्या लेकीकडून चार लाकडं मागून आणली. भाकर टम्म फुगली. मिराबाई चमकली. तिने उरलेलं एक लाकूड खरवडून हुंगलं. मग आपल्या ढिगातलं एक हुंगलं. रात्रीच तिने त्या ढिगाची मोळी बांधून ठेवली.

सकाळी बेबीबाईची हाक आली. "चल गं, सरपणाला!"

मिराबाईने पांगाऱ्याची मोळी तिच्यापुढे टाकली. "ही तुझी बाभूळ. लेकीच्या लग्नात जाळ."

"अगं, घाईत बदललं आसंल..."

"रोज बदलतंय व्हय?"

बेबीबाई मान खाली घालून गेली. मिराबाईने मला फोडलं नाही. वैल मात्र अजून तशीच फुटलेली आहे.

मित्रांनो, घरातलं जुनं काही चालेनासं झालं, तर त्याचा दम संपला म्हणण्याआधी त्याच्या पोटात काय घातलं जातं ते बघा. आम्हाला सगळं कळतं, पण सांगता येत नाही.