मागे कोणी बसलं होतं का?

आमच्या चर्चच्या दारावर पाटी आहे, ‘जसे आहात तसे आत या.’ ती रंगवली माझ्या मैत्रिणीने. मैत्रीण म्हणजे जिच्याबरोबर मी एकतीस वर्षं एका छपराखाली काढली ती. आधीच्या चर्चमध्ये लोक आम्हाला मावसबहिणी समजत होते तोवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. तशा नाही हे कळलं, आणि पुढच्याच रविवारी आमच्या बाकावर आमच्याशेजारी कोणी बसेना. मग आमच्यासारख्याच दहा-बारा जणांनी मिळून हे चर्च काढलं. मैत्रीण जाऊन पाच वर्षं झाली. पाटीवरचा रंग आता दरवर्षी मी भरते आणि तिच्याइतका नीट जमत नाही म्हणून स्वतःवरच चिडते.

चर्चला लागून प्रार्थनेची एक लहान खोली आहे. तिला आम्ही चॅपेल म्हणतो. नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे रंगीत काचा आल्या असतील तर त्या पुसून टाका. पूर्वी तिथे मोडकी बाकं आणि झाडू ठेवत. आता चौदा खुर्च्या आहेत, भिंतीवर साधा लाकडी क्रूस आहे आणि दार असं आहे की हळू लावलं तरी आपटतं. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला तिथे प्रार्थना होते आणि नावं वाचतात. नावं मी वाचते. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, तेव्हा यादी माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं होतं.

कागद एक, याद्या दोन, मध्ये रेघ. रेघेच्या वर आजारी किंवा अडचणीत असलेली माणसं. रेघेच्या खाली गेलेली. वरचा माणूस बरा झाला की येऊन स्वतःच्या हाताने आपलं नाव खोडतो. नाही झाला, तर मला ते खाली लिहावं लागतं.

कागदोपत्री असतात ती नावं वाचत नाहीत. ज्याला जी हाक आवडते ती वाचायची. त्यालाही कारण आहे. सात वर्षांपूर्वी एक गृहस्थ महिनाभर येत होते. मागे बसायचे, वहीत काहीतरी टिपायचे. आम्ही खूश, नवा माणूस आला म्हणून. मग आमच्यातल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली. चर्चला येणाऱ्यांची नावं कोणीतरी तिच्या शाळेत पोचवली होती. तेव्हापासून टोपणनावं आली. आणि दुसरा नियमही तेव्हापासूनच, की इथे कोणी कोणाला ‘तुम्ही कोण, कुठले’ असं विचारायचं नाही. उपासना चालवणाऱ्या आमच्या पाळकबाईंना या नियमाचा फार अभिमान. मलाही होता.

भोपू आमचा ऑर्गन वाजवायचा. हे नाव कसं पडलं ते त्याने एकदा आपणहून सांगितलं. त्याचे वडील बस चालवायचे. हा लहानपणी सुट्टीत त्यांच्या मागच्या सीटवर बसायचा, आणि वळण आलं की बसच्या आधी हाच तोंडाने हॉर्न द्यायचा. वडिलांनी नाव ठेवलं भोपू.

‘जुन्या चर्चमध्ये मला गायकांतून काढायची सभा झाली ना मावशी, तेव्हा माझं कागदावरचं नाव वाचलं,’ तो म्हणाला. ‘बाबा पंचांपैकी एक. त्यांनीही हात वर केला. पण भोपूला कुठे काढलं? भोपूवर ठराव झालाच नाही.’

आणि हसला. मला नाही हसू आलं. मी म्हटलं, ‘असल्या बापाचं तोंड बघू नये माणसाने. माझ्यासमोर आला तर मी दारातूनच हाकलीन.’ मी तोंडावर बोलणारी बाई. मला ते तेव्हा फार छान वाटायचं.

भोपू ज्याच्याबरोबर राहायचा तो आमच्यातलाच एक शिंपी. नऊ वर्षं दोघांचा संसार. शिंप्याच्या घरात राहून भोपूच्या पँटी कायम आखूड. शिंपी म्हणायचा, लोकांचे कपडे संपले की तुझे शिवतो. लोकांचे कपडे काही संपले नाहीत.

मग भोपूला रक्ताचा कॅन्सर निघाला. ऑर्गनवर कापड पडलं आणि त्याचं नाव वरच्या यादीत चौथं आलं. त्याला एकटं सोडता येईना, म्हणून शिंप्याचं गुरुवारचं येणं थांबलं. त्याऐवजी सहा वाजता मला त्याचा फोन यायचा.

‘वाचलंत ना मावशी?’

‘वाचलं.’

एका गुरुवारी तो जरा घुटमळला. मग म्हणाला, ‘आणि... मागे कोणी बसलं होतं का?’

बसलं होतं. त्याच दिवशी पहिल्यांदा एक म्हातारे गृहस्थ आले होते. रुंद खांदे, हातात टोपी. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसले. प्रार्थनेला उभे राहिले ते हात पाठीमागे बांधून. ही जुन्या वळणाच्या चर्चांची सवय, मी ती लांबून ओळखते. आम्ही ‘आमेन’ म्हटलं तर यांचे ओठ हलेनात. मी चौथं नाव वाचलं, तशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातून छोटी वही काढली आणि पेन्सिलीने काहीतरी टिपलं. पुन्हा तेच, म्हटलं. पुन्हा कोणाची तरी नोकरी जाणार.

शिंप्याच्याही कानावर काही आलं असावं आणि तो घाबरून विचारत असावा, असं मला वाटलं. घरात एवढं आजारपण, त्यात ही भर कशाला घाला?

‘छे,’ मी म्हटलं. ‘कोणी नाही. आपलीच माणसं होती.’

‘बरं,’ शिंपी म्हणाला. मला वाटलं, त्याचा जीव भांड्यात पडला.

म्हातारे पुढच्या गुरुवारी आले. त्याच्या पुढच्याही. एकदा मी त्यांच्या खुर्चीवर मुद्दाम माझी पिशवी ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या खुर्चीवर अलगद ठेवली आणि बसले. प्रार्थना संपल्यावर ते माझ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहायचे, काही बोलायचं असल्यासारखे. मी पाठ फिरवून खुर्च्या लावायला घ्यायची. पाळकबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘दारावरची पाटी तुमच्याच घरी रंगवली ना?’ तरी मी डोळ्यांत तेल घालून त्या वहीवर लक्ष ठेवलं. अकरा गुरुवार शिंप्याने तोच प्रश्न विचारला आणि अकरा गुरुवार मी तेच उत्तर दिलं. का विचारतो, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

भोपू रविवारी सकाळी गेला. मंगळवारी त्याला पुरलं. बुधवारी मी यादीचा नवा कागद घेतला आणि त्याचं नाव रेघेखाली लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून कागद टाकून दुसरा घेतला. दुसऱ्यावरही वाकडंच आलं, मग तोच ठेवला.

गुरुवारी शिंपी आला आणि पहिल्या रांगेत बसला. मी वरची नावं वाचली. रेघेशी क्षणभर थांबले.

‘भोपू,’ मी वाचलं.

मागे पेन्सिल पडल्याचा आवाज झाला. म्हातारे उभे राहिले होते.

‘बाई, तुम्ही खाली वाचलंत.’

‘काय?’

‘भोपू. तो वर असतो. चौथा असतो तो. तुम्ही चुकून खाली वाचलंत. परत वाचा.’

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू, माझ्या यादीत चूक काढतोय म्हणून रागच आला. मग मी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अकरा गुरुवार मी त्यांची वही बघत होते, चेहरा पहिल्यांदा पाहिला. पुढे आलेले कान, रुंद जिवणी. ऑर्गनपाशी मी हाच चेहरा नऊ वर्षं बघत आले होते.

‘चूक नाही झाली,’ मी म्हटलं. ‘तो गेला. रविवारी.’

ते खाली बसले. शिंपी वळला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला.

‘तुम्ही बाबा का?’ त्याने विचारलं.

पाळकबाईंनी प्रार्थना तिथेच आवरली आणि बाकीच्यांना हळूच बाहेर नेलं. आम्ही तिघं उरलो. म्हाताऱ्यांनी वहीतून एक चिठ्ठी काढून शिंप्याला दिली. शिंप्याने वाचली आणि माझ्याकडे दिली. अक्षर भोपूचं.

‘बाबा, मी आजारी आहे. घरी येऊ नका, इतक्यात नको. दर गुरुवारी पाच वाजता चॅपेलमध्ये माझं नाव वाचतात, तुम्ही ठेवलेलं. तिथे मागे बसा. आलात की मला कळेल. मग मी बोलावीन.’

वही त्यांच्या मांडीवर उघडीच होती. अकरा ओळी. तारीख, वेळ आणि पुढे दोन शब्द. ‘५.१२. भोपू. वाचलं.’ ‘५.१४. भोपू. वाचलं.’ आयुष्यभर बस चालवलेला माणूस, वेळ टिपायची सवय. बाराव्या ओळीत तारीख तेवढी घालून ठेवली होती.

‘त्याला कळलं होतं ना?’ त्यांनी विचारलं. ‘मी येत होतो ते?’

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत सगळं हळूहळू जुळत चाललं होतं, ते मला दिसलं. मी चटकन म्हणून टाकलं, ‘हो. कळलं होतं.’ समोर क्रूस होता आणि त्याच्यासमोर मी धडधडीत खोटं बोलले. मला वाटलं, एवढं तरी त्यांना मिळू दे.

त्यांनी वही मिटून खिशात घातली.

‘कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘आणि तरी बोलावलं नाही.’ मग म्हणाले, ‘बरोबर आहे त्याचं. हात मी वर केला होता.’ आणि जायला म्हणून टोपी उचलली.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘खोटं बोलले मी. त्याला नव्हतं कळलं. मी कळू दिलं नाही.’ आणि सगळं सांगून टाकलं, ते पहिले वहीवाले गृहस्थ, शिक्षिका, पिशवी, सहाचे फोन. सांगताना मला रडू फुटलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण त्या खोलीत रडायचा हक्क माझा नव्हता.

म्हातारे शिंप्याकडे वळले. ‘तो विचारायचा?’

‘दर गुरुवारी,’ शिंपी म्हणाला. ‘सहा वाजले की फोन माझ्या हातात द्यायचा. गेल्या गुरुवारी हात उचलत नव्हता, तर डोळ्यांनी दाखवला. मी सांगायचो, नाही आले. तो म्हणायचा, पुढच्या गुरुवारी येतील, लांबून यायचं, दोन बस बदलाव्या लागतात.’

म्हाताऱ्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी इथे लिहू शकत नाही.

‘मी कळवलं नाही तुम्हाला,’ शिंपी म्हणाला. ‘मी म्हटलं, इतक्या वेळा न आलेल्या माणसाला काय कळवायचं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मावशी, मी का विचारतो ते तुम्हाला सांगणार होतो. त्यानेच नको म्हटलं. म्हणाला, बाबा आहेत असं कळलं तर मावशी त्यांना दारातूनच हाकलतील.’



‘कुठे आहे तो?’ म्हाताऱ्यांनी विचारलं. शिंपी म्हणाला, मी नेतो. त्याने पडलेली पेन्सिल उचलून त्यांना दिली आणि त्यांचा दंड धरला. दाराशी म्हातारे थांबले. रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

‘बाई, मी अकरा वेळा तुमच्यासमोर बसलो,’ ते म्हणाले. ‘एकदा विचारायचं होतंत, तुम्ही कोण म्हणून. मी सांगितलं असतं.’

दार त्यांच्यामागे नेहमीसारखं आपटलं.

ते परत आले नाहीत. शिंपी त्यांच्याकडे जाऊन येतो. त्याने त्यांना एक पँट शिवून दिली, एवढं मला कळलं. यादी अजून मीच वाचते, पाळकबाईंनी काढून घेतली नाही. पण मागच्या खुर्चीवर नवं कोणी दिसलं की मी कागद खाली ठेवते, उठून त्यांच्यापाशी जाते आणि विचारते, तुम्ही कोण, कोणासाठी आलात. दोन माणसं त्यामुळे पुन्हा फिरकली नाहीत. पाळकबाई नियमाची आठवण करून देतात, मी ऐकून घेते आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारते.

प्रार्थना संपली की बाकीचे जातात. मी सहा वाजेपर्यंत फोन मांडीवर घेऊन तिथेच बसते. कोणी विचारलंच, तर मला सांगता आलं पाहिजे.