एकच अक्षर

“रा,” मुकुंदराव म्हणाले.

“बुलारे आपकू, अम्मा,” चादर बदलता बदलता आया यादम्मा म्हणाली. “हमारे तेलुगू में रा बोले तो आओ.”

“आओ कशाचं? थांब म्हणतोय तो,” कुसुमताई म्हणाल्या. मुकुंदरावांची ही थोरली बहीण परभणीहून आली होती. “आपल्याकडं म्हणतात ना, रा की दोन दिवस. आज कालेजात जाऊ नको, वंदना.”

वंदनाबाई हैदराबादेत, काचीगुड्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. प्राचीन इजिप्तमध्ये ‘रा’ म्हणजे सूर्य, हेही त्यांना ठाऊक होते. तो अर्थ काढणारे नातेवाईक दवाखान्यात आले नव्हते, इतकेच. अर्धांगाच्या झटक्यानंतर नवऱ्याच्या तोंडी हे एकच अक्षर उरले होते. ते आपोआप उमटते, असे डॉक्टरांचे मत होते. आत काही समजते की नाही, हे सांगता येत नाही. या दुसऱ्या वाक्याची त्यांनी धास्ती घेतली होती.

दोघी चहाला गेल्यावर त्यांनी दार लोटले.

“मी तुमची बहीण आहे का?”

“रा.”

“हैदराबाद समुद्रकाठी आहे?”

“रा.”

सूर तोच, नजर तीच. वंदनाबाई खिडकीकडे वळल्या.

खिडकीसमोर पिवळा एसटीडी बूथ होता. असले बूथ गल्लोगल्ली झाले आणि परगावचे फोन हाताने जोडायचा मुकुंदरावांचा ट्रंक बोर्ड बंद पडला. जन्मभर त्यांनी लोकांचे फोन जोडले होते. सांगितलेला नंबर आकड्यामागून आकडा परत म्हणायचा आणि पुरा झाल्यावरच बोर्डाच्या भोकात पिन खोचायची, ही तिथली शिस्त.

वंदनाबाईंनी कुसुमताईंचा परभणीचा पाच आकडी नंबर सांगायला सुरुवात केली. “दोन, सात, चार.”

“रा. रा. रा.”

योगायोग असू शकेल. त्यांनी पुढचा एकच आकडा सांगितला. “नऊ.”

“रा.” एकदाच.

आत कोणी नाही, ही भीती गेली. मुकुंदराव आत पूर्ण शुद्धीत अडकले आहेत, ही आली.

मुकुंदरावांचा डावा हात अंथरुणावरून उचलला गेला होता. पिन धरावी तशी दोन बोटे जुळवून तो हवेत थांबला होता. नंबर पुरा व्हायचा होता; झाला की तो पिन खोचणार होता, आणि समोर बोर्ड नव्हता.

शेवटचा आकडा वंदनाबाईंच्या तोंडून फुटेना.