हातगाडीतली गाडी

बागेचा रखवालदार शिट्टीवर शिट्टी फुंकत होता आणि माझी धाकटी बहीण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. बघणार कशी? ती जन्मापासून ठार बहिरी. फोन बाकाच्या पाठीला टेकवून ती समोर उभी होती आणि पडद्यावरच्या लेकीशी दोन्ही हातांनी बोलत होती. आम्ही दोघी राहतो त्या तळघरातल्या खोल्यांत रेंज म्हणून येत नाही, तेव्हा बागेतल्या फुकटच्या वायफायवर रोज दुपारी चारला आमचा हा कार्यक्रम असतो. रखवालदाराला वाटलं, बाई मुद्दाम कानाडोळा करतेय. त्याने येऊन फोनसमोर हात आडवा धरला.

मी नळावर बाटली भरत होते, ती तशीच टाकून धावले. माझ्या नाकावर राग असतो हे सगळी गल्ली जाणते. पण हा माणूस चार दिवसांपूर्वीच आलेला, त्याला काय माहीत. मी तोंड सोडलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि फाटकाजवळच्या नव्या फलकाकडे बोट दाखवलं. उद्धट असता तर मी त्याला सरळ केला असता. हा आधीच इतका सरळ होता की भांडायला जागाच मिळेना.

फलकावर वायफायचे अकरा नियम होते. वायफाय वापरताना फुले तोडू नयेत, हाही त्यातलाच. नगरपालिकेत कुणीतरी बागेच्या जुन्या नियमांना वायफायचं ठिगळ लावून दिलं होतं, हे उघड होतं. नववा नियम असा: 'उद्यानात हातवारे व फेरीवाले यांना मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यास वायफायचा कोड मिळणार नाही.' कोडची चिठ्ठी रोज रखवालदाराच्या खोलीतूनच घ्यावी लागते. म्हणजे उद्यापासून आमचं बोलणं बंद.

"त्यांना लिहून पाठवायला सांगा ना, मावशी," तो म्हणाला.

धाकटी दुसरीपर्यंत शिकलेली. आणि समजा पंडित असती, तरी आईशी कुणी लिहून बोलतं का? भाची समुद्रापलीकडे आहे. तिचे दिवस भरलेत, डॉक्टरांनी शुक्रवार सांगितलाय. तिला ऐकू येतं, पण आईशी ती बोलायला लागली ती हातांनीच, वर्षाची असल्यापासून. बाळाला आधी आईच्या हातांपुढे धरीन, मग बाकीच्यांना दाखवीन, असं तिने कबूल केलं होतं. तो मंगळवार होता.

घरी येऊन धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली. मी काही सांगायला गेले की डोळे मिटायची. तिने डोळे मिटले की माझी बोलतीच बंद होते, हे तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक आहे.

मला मात्र तो 'हातवारे व फेरीवाले' डोक्यातून जाईना. हातवारे ही करायची गोष्ट, फेरीवाले ही माणसं. दोघांना एका दावणीला कुणी बांधलं? त्याच नगरपालिकेत मी अठ्ठावीस वर्षं टायपिस्ट होते. साहेब तोंडी सांगायचे, मी लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि मग टाइप करायचे. कागद दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही म्हणून माझं नावच पडलं होतं 'बिनचूक बाई'. मी ते नाव मिरवलंही भरपूर, खोटं कशाला बोलू. धाकटीने तर त्याची खूण केली होती: दहाही बोटं हवेत टाइप करतात आणि शेवटी अंगठा-तर्जनीचा गोल, म्हणजे अचूक. घरात माझं नाव तेच. आणि बागेचे नियम माझ्याच हाताखालून गेले होते.

बुधवारी सकाळी नगरपालिकेत जाऊन थडकले. माझ्या जागी आता संगणक, आणि संगणकापुढे एक हसरा कारकून. आतल्या अधिकारी मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की नियम बदलायचा तर सभेपुढे जावं लागेल, सभा दीड महिन्याने. अर्ज ठेवून जा. अर्ज ठेवून जा म्हणजे काय, हे मला सांगताय? अठ्ठावीस वर्षं मी तसे ठेवलेले अर्ज बघितलेत.

मी म्हटलं, नियम बदलायचा नाहीच. तो चुकीचा टाइप झालाय. टायपाच्या चुकीला सभा लागत नाही, शुद्धिपत्रक लागतं, आणि त्यावर तुमची एकटीची सही चालते. मॅडमनी पुस्तक काढून खात्री केली. बरोबर निघालं. मग म्हणाल्या, चूक आहे हे दाखवा.

कारकुनाने दुपारपर्यंत जुनी फाइल उकरली. पिवळ्या पडलेल्या कागदावर, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आणि मधोमध 'हातवाले व फेरीवाले यांना मनाई'. हातवाले. असा शब्द कुठे असतो का? पुढचं त्यानेच जुळवलं. तेव्हाच्या पेंटरने 'हातवाले' वाचून कपाळाला हात लावला असणार आणि आपल्या अकलेने 'हातवारे' रंगवलं असणार. कारकुनाने वायफायचे नियम केले ते त्या जुन्या फलकाचा फोटो समोर ठेवून.

मी घरी आले. पलंगाखालची पेटी ओढली आणि लघुलिपीच्या वह्या काढल्या. खरं सांगते, मनात एकच आशा होती की साहेबच चुकीचं बोलले असतील. ते पान सापडलं. माझ्याच हातच्या रेघा, स्वच्छ: हात, गाडी, वाले. साहेब बरोबर बोलले होते. मी बरोबर ऐकलं होतं. टाइप करताना मधली गाडी मी खाल्ली होती, आणि दुसऱ्यांदा कागद वाचला नव्हता, कारण मी बिनचूक बाई.

धाकटी शेजारी येऊन बसली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने बराच वेळ वहीतल्या त्या रेघांकडे पाहिलं, मग उठून जेवायला वाढलं.

गुरुवारी वही घेऊन पुन्हा गेले. कारकुनाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, पेंटरच्या नावावर टाका की, तो बिचारा काही आता उठून बोलणार नाही. मॅडमनी मान हलवली.

"पेंटरची चूक म्हटली तर मूळ शब्द 'हातवाले' राहतो, आणि त्याला अर्थच नाही," त्या म्हणाल्या. "मग ते सभेपुढेच जाईल. टायपाची चूक असेल तर कुणीतरी ती आपली म्हणून लिहून द्यायला हवी."

"माझी आहे," मी म्हणाले. "कागद द्या."

हाताने लिहून दिलं. 'टाइप करताना गाडी हा शब्द माझ्याकडून राहिला. चूक सर्वस्वी माझी.' खाली सही केली आणि ते तीनदा वाचलं. कारकून म्हणाला, बिनचूक बाईंची गाडी चुकली. सगळं ऑफिस हसलं. मला नाही हसू आलं. डोळे भरून आले आणि मी ते पदराने सरळ सगळ्यांसमोर पुसले. शुद्धिपत्रक हातात पडल्याशिवाय मात्र खुर्ची सोडली नाही.

शुक्रवारी रखवालदाराने तो कागद फलकावर चिकटवला, बोट ठेवून वाचला आणि कोडची चिठ्ठी धाकटीच्या हातावर ठेवली. मग फेरी न मारता बागेत एकाच जागी उभ्या असलेल्या फुगेवाल्याच्या हातगाडीकडे नजर टाकली. फुगेवाल्याने मलाच चार शब्द सुनावले आणि गाडी फाटकाबाहेर एक पाऊल नेऊन लावली. मी मागून ढकलायला हात दिला.

चार वाजून गेले. साडेचार. पाचला पडदा उजळला. भाचीचा घामेजलेला चेहरा, आणि छातीवर एवढंसं काहीतरी गुंडाळलेलं. उन्हाने नीट दिसेना, तेव्हा रखवालदाराने टोपी काढून फोनवर सावली धरली. भाचीने दुपटं सैल केलं आणि बाळाच्या दोन मुठी बाहेर आल्या, वर, खाली, हवेत.

"बघा, आल्या आल्या हातवारे," रखवालदार म्हणाला. धाकटीला ते ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी तिला खुणेने सांगितलं. ती रडता रडता हसली.

मग तिने बाळाला एकेकाची ओळख करून दिली. आपली. पडद्याच्या कडेला उभ्या त्याच्या बाबांची. टोपीवाल्याचीही. शेवटी माझी: दहाही बोटं हवेत टाइप करू लागली आणि मी त्या ओळखीच्या गोलाची वाट पाहिली. गोल आलाच नाही. मधलं एक बोट अलगद घसरलं, आणि तिने तो हात आपल्या छातीवर ठेवला, 'माझी' म्हणताना ठेवते तसा.

मी म्हटलं, हे काय नाव? ती म्हणाली, आजपासून तुझं हेच.