चार टेबलं आणि एक समुदाय

पूल वाचला. पण हे अजून घडलेलंच नाही असं समजा, कारण सकाळी दहा वाजता परिषदेतल्या भिंतीएवढ्या नकाशावर कालव्यावरचा पादचारी पूल नव्हताच. त्याच्या जागी एक गुबगुबीत छापील झाड होतं.

शिंपीणबाई त्या पुलासाठीच आल्या होत्या. पूल गेला तर सासूबाईंना दवाखान्यात जायला पाऊण तासाचा वळसा पडणार होता. गल्लीतून सोळा जण यायचे होते. पंधरा जणांना सुट्टी मिळाली नाही. परिषद नगररचनेत लोकांचा सहभाग वाढवण्याची, त्यामुळे देशोदेशीचे दोनशे तज्ज्ञ लोकांची वाट बघत बसलेले. बाईंच्या गळ्यात बिल्ला पडला : ‘समुदाय’.

“समुदायाने चार गटांत चर्चा करावी,” संयोजकांनी जाहीर केलं.

“अहो, पण मी एकटीच आहे.”

“ताई, कार्यक्रमपत्रिका छापून झालीय.”

छापलेल्यापुढे कुणाचं काय चालणार? बाईंनी पहिल्या टेबलावर बसून ‘पूल हवाच’ असं लिहिलं. दुसऱ्या टेबलावर गेल्यावर पहिल्याची कॉपी करणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी लिहिलं, ‘कठडा गदागदा हलतो.’ तिसऱ्या टेबलाने दुसऱ्याला झापलं. चौथ्याने चहा मागवला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. “अगं, बोललीस का, की नुसतीच जेवलीस?”

“आई, भांडण चाललंय.”

“कुणाशी?”

“दुसऱ्या टेबलाशी.”

“आणि आपली माणसं कुठल्या टेबलाला?”

“चारही टेबलांना.”

“मग घाबरतेस कशाला? हाण!”

बाईंनी हाणलं. तिसऱ्या टेबलावरून ओरडल्या, “आपल्याच पुलाला नावं ठेवता?” आणि धावत दुसऱ्यावर जाऊन उत्तर दिलं, “हलतो त्याला हलतो म्हणायचं नाही तर काय?” पाहुण्या अध्यक्षांनी डोळे पुसले. आजवरचे सगळे समुदाय टाळ्या वाजवून जेवायला गेले होते. इतकं मनापासून भांडणारा हा पहिलाच.

शहराचे मुख्य अभियंता बराच वेळ डोकं खाजवत होते. “चारही गट भांडतायत,” ते म्हणाले, “पण पूल पाडा असं एकही म्हणत नाही.” त्यांनी पेन काढलं, झाडावर काट मारली आणि त्या जागी पूल रेखाटला. दोनशे तज्ज्ञ उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाई चारही टेबलांना मिठी मारून आल्या.

“आणि कठडा?”

“तो पुढच्या वर्षी बघू.”

यावर मात्र चारही गटांचं एकमत झालं. बाईंनी कागद ओढला :

‘महोदय, सदर कठडा दुरुस्त होईपर्यंत परिषदेतील सर्व तज्ज्ञांनी रोज सकाळी आठ ते दहा या वेळेत पुलाच्या दोन्ही बाजूंना हातात हात घालून कठडा म्हणून उभे राहावे व हलू नये, ही नम्र विनंती.’