काच वाजली नाही तर

जमीन थरथरली की सांता एल्विरात कुणी लगेच पळत नसे. हातातला कप धरून लोक बागेकडे कान लावायचे. काचघर खुळखुळलं की पळायचं, नाही तर बसून राहायचं. चिलेत दर धक्क्याला उठायचं म्हटलं तर माणसाने जेवायचं कधी?

ते काचघर बेल्जियमहून जहाजाने सुटं सुटं आलं होतं, प्रत्येक लोखंडी फासळीवर आकडा घातलेला. त्याची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या अबेलार्दोच्या आजोबांनी ते उभं केलं आणि चौकटीत प्रत्येक काचेभोवती नखभर जागा सोडली. "हलू दे तिला, म्हणजे फुटायची नाही," ते म्हणायचे. तीन मोठे भूकंप आले, पण काचघराचा घुमट शाबूत राहिला.

यंदा कंत्राटदाराने काचांच्या कडेची जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडून काचा सिलिकॉनने गच्च चिकटवल्या. गळती थांबली, सगळे खूश झाले. काचा पुन्हा सैल करा म्हणून अबेलार्दोने पालिकेचे उंबरठे झिजवले. "काका, तुमचं आता वय झालं," महापौरबाई गोड हसून म्हणाल्या. हसून बोलणाऱ्यांशी भांडायचं तरी कसं?

शनिवारी दुपारी काचघरातच उद्घाटन होतं, आणि त्याची मुलगी मिरेया पहिल्यांदाच एकटी गाणार होती.

"बाहेर झाडाखाली गा ना, पोरी."

"आणि ऐकणार कोण, कबुतरं? बाबा, आज तरी माझी शोभा करू नका."

दुसऱ्या कडव्याला खुर्च्या सरकल्या. ताडांची पानं हलली. दोनशे माणसांनी माना वर केल्या आणि कान दिले. काच गप्प होती.

"वाजत नाहीये, बसा बसा!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मिरेयाही हसली आणि पुढची ओळ तिने उचलली.

अबेलार्दो दारापाशी उभा होता. त्याने पिशवीतली हातोडी काढून जवळच्या काचेवर हाणली. खळ्ळकन आवाज झाला मात्र, सगळी माणसं धक्काबुक्की करत हिरवळीवर आली. तेवढ्यात जमीन थांबली.

"वेड लागलं का तुम्हाला?" महापौरबाई ओरडल्या.

मिरेयाच्या डोळ्यांत पाणी होतं. "जन्मभर हेच केलंत तुम्ही," ती म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. तिच्यामागून ओशाळलेले लोकही गेले. खुर्च्या सरळ झाल्या, गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

अबेलार्दोने दाराच्या खांबावर तळवा टेकवला. लोखंड पुन्हा थरथरू लागलं होतं, आणि या वेळी ते थांबत नव्हतं.

"बाहेर या! मिरेया!"

कुणी वळूनही बघितलं नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या, सगळे कान देऊन बसले होते. काच वाजत नव्हती.

त्याने हातोडी खाली टाकली, खुर्च्यांमधून वाट काढत तो घुमटाखाली पोरीपाशी गेला आणि तिचं डोकं त्याने आपल्या कोटाखाली घेतलं.